तल्लफ आली की त्या क्षणी नेमकं काय करायचं? (सजगता आणि ऊर्मी)

आर्जव

सिगारेट, तंबाखू, दारू, उगाच खाणं, फोन, नखं कुरतडणं. सवय कुठलीही असली तरी "मनावर ताबा ठेवा" हा सल्ला सगळ्यांना मिळतो. ताबा ठेवायचा म्हणजे त्या पाच-दहा मिनिटांत हातापायांनी, नजरेने, श्वासाने काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हा धागा तेवढ्याच प्रश्नासाठी आहे.

आधी एक खुलासा. ऊर्मी घालवणं हा खाली दिलेल्या सजगतेच्या (आत जे चाललं आहे ते न ढकलता बघत राहण्याच्या) पद्धतीचा उद्देश नाही. ऊर्मी पूर्ण जोरात असतानाही हात पुढे जाऊ न देणं, हा आहे. बहुतेकांचं इथेच बिनसतं. श्वासाकडे लक्ष द्यायला बसतात आणि आत हिशोब चालू असतो, "गेली का? अजून कशी गेली नाही?" वरून सजगता, आतून ढकलाढकली. ढकलल्याने काय होतं ते डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये दाखवलं. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, आणि आलाच तर घंटी वाजवायला सांगितली. घंटी वाजतच राहिली. शिवाय नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात तो इतरांपेक्षा जास्त वेळा आला.

ऊर्मीचे तीन पदर असतात आणि ते सुटे ओळखता आले पाहिजेत. पहिला शरीरातल्या संवेदनांचा: जबडा आवळणं, तोंडाला पाणी सुटणं, छातीत ओढ, पोटाच्या वरच्या भागात पोकळी, बोटांची चुळबुळ. दुसरा मनातल्या वाक्यांचा आणि चित्रांचा: "एकच", "आजचा दिवस तसाही वाया गेला", "उद्यापासून नक्की". तिसरा सगळ्यात सहज निसटतो: ही अवस्था नकोशी आहे आणि आत्ताच्या आत्ता संपली पाहिजे, ही घाई. बरेचदा माणूस त्या वस्तूपेक्षा या घाईतून सुटायच्या मागे असतो.

आता कृती. ॲलन मार्लॅट यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात व्यसनाच्या उपचारांसाठी १९८०च्या दशकात ही पद्धत रुजवली. तिला 'अर्ज सर्फिंग' म्हणतात, म्हणजे ऊर्मीच्या लाटेवर तरंगत राहणं. पुढची कालमर्यादा नवशिक्यांना सोपी जावी म्हणून दहा मिनिटांची धरली आहे.

तल्लफ जाणवली की जागेवर थांबा. हातातली वस्तू खाली ठेवा, दोन्ही पावलं जमिनीला टेकवा. डोळे उघडे चालतील. घड्याळात किती वाजले ते बघा. मनाशी म्हणा, "तल्लफ आली आहे", आणि तिला ० ते १० मधला आकडा द्या. आकडा अचूक असण्याची गरज नाही, पहिला सुचेल तो घ्या.

मग मिनिटभर लक्ष शरीरावरून फिरवा: तोंड, जबडा, घसा, छाती, पोट, हात. तल्लफ सगळ्यात ठळक जिथे आहे ती एकच जागा निवडा आणि पुढची तीन-चार मिनिटं तिथेच राहा. मनाला काम लागतं म्हणून प्रश्न ठरलेले ठेवा. केवढी जागा आहे, नाण्याएवढी की तळहाताएवढी? कडा कळतात का? आवळल्यासारखं आहे, जड आहे, गरम आहे, की मुंग्या आहेत? एकाच ठिकाणी आहे की सरकतंय? उत्तर शब्दांत नाही आलं तरी बिघडत नाही, बघणं चालू राहिलं म्हणजे झालं.

हे फार तीव्र झालं तर लक्ष श्वासावर आणा, पाच-सहा श्वास तिथे थांबा आणि परत त्याच जागी जा. श्वास जसा आहे तसाच ठेवायचा. खोल, भराभर श्वास घ्यायला लागलात तर गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, आणि मग त्या मुंग्यांनाच माणूस वाढलेली तल्लफ समजतो.

मध्येच वाक्यं येतील. त्यांच्याशी वाद घालायचा नाही. "एकाने काय होतंय" याला "होतं, मागच्या वेळी असंच झालं होतं" असं उत्तर दिलंत की संभाषण सुरू झालं, आणि त्या संभाषणात तल्लफ फार हुशार असते. "सौदा चालू आहे" एवढी नोंद करा आणि संवेदनेकडे परत या.

दर दोन मिनिटांनी आकडा पुन्हा ठरवा. तो वाढू शकतो, वाढला म्हणजे चुकलं असं नाही. दहा मिनिटांनी उठा आणि आधीच ठरवून ठेवलेलं एक काम करा: तोंड धुणं, कपडे घडी करणं, ठरलेल्या माणसाला फोन. काम आधीच ठरलेलं हवं. दहा मिनिटांनी रिकामे उभे राहिलात तर पाय जुन्या जागेकडेच वळतात.

---

नीलमोहर

कृती नीट मांडली आहे. दोन शंका. ऊर्मी नव्वद सेकंदांत ओसरते असं सगळीकडे वाचायला मिळतं, तुम्ही दहा मिनिटं म्हणता. आणि दहा मिनिटांनीही आकडा ७ च राहिला तर?

---

आर्जव

नीलमोहर, नव्वद सेकंदांचा भरवसा कुणालाही देऊ नये. एखाद्या संवेदनेची पहिली उसळी तेवढ्यात बसू शकते. पण वस्तू समोर असेल, मनात चित्रं रंगवणं चालू असेल, तर दुसरी उसळी लगेच येते. मार्लॅट यांच्या परंपरेत साधारण अर्ध्या तासाचा अंदाज सांगतात, तोही ऊर्मीला खतपाणी मिळालं नाही तर. नव्वद सेकंद धरून बसलेला माणूस दोन मिनिटांनी "माझ्यावर याचा उपयोग होत नाही" म्हणून उठतो. हे नुकसान त्या आकड्यामुळे होतं.

दुसऱ्या शंकेचं उत्तर एका प्रयोगात आहे. सेरा बोवेन आणि मार्लॅट यांनी २००९ मध्ये सिगारेट ओढणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तो केला. सगळ्यांसमोर सिगारेटी ठेवून तल्लफ जागी केली. निम्म्यांना ऊर्मीवर तरंगायला शिकवलं, उरलेल्यांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने तोंड द्यायला सांगितलं. तल्लफेच्या आकड्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण पुढच्या सात दिवसांत शिकलेल्या गटाने कमी सिगारेटी ओढल्या.

म्हणजे सुरुवातीला सैल होतो तो तल्लफ आणि कृती यांना जोडणारा दुवा. आकडा ७ वर राहिला आणि तुम्ही उठून कपडे घडी केलेत, तर ती फेरी पूर्ण यशस्वी. दहा मिनिटांनी तितकाच जोर असेल तर ठरलेलं काम करा आणि गरज वाटल्यास आणखी एक फेरी. ओळीने तीन फेऱ्या होऊनही जोर ८-९ असेल तर जागा सोडा, कुणाशी तरी बोला. तासन्‌तास बसून लढणं या पद्धतीत बसत नाही.

---

दवबिंदू

अतिशय आवश्यक धागा. पण कृती करण्याआधी एक चाळणी लावली पाहिजे, नाहीतर जिवावर बेतू शकतं.

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात बंद करून "संवेदना बघत" बसू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप, प्रचंड अस्वस्थता अशी गंभीर अवस्था काहींना येते आणि उपचाराविना ती प्राणघातक ठरू शकते. हे शरीराचं रसायन आहे, निग्रहाचा इथे संबंध नाही. आधी डॉक्टर, औषधाखाली दारू सोडवणं, त्यानंतर सजगता. झोपेच्या आणि चिंतेच्या ज्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू आहेत त्यांचंही तेच, विशेषतः अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांच्या गटातल्या. त्या डॉक्टरांकडूनच टप्प्याटप्प्याने कमी करून घ्यायच्या.

निकोटिन सोडताना असा जिवाचा धोका नसतो, पण पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कडक जातात आणि चिडचिड, झोपमोड, भूक हे दोन ते चार आठवडे रेंगाळतं. या काळात निकोटिन गम वापरणं म्हणजे पद्धत अर्धवट करणं नव्हे. दोन्ही एकत्र उत्तम चालतात: गम शरीराची मागणी खाली आणते, उरलेल्या सवयीवर सजगता काम करते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची, नाहीतर २ मिलिग्रॅमची, असा साधारण नियम आहे. हृदयविकार असेल, गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गम बहुतेक लोक चुकीची खातात. साध्या च्युइंगगमसारखी सलग चघळली की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते आणि उपयोग मात्र होत नाही. सावकाश चावायची, तिखट झणझणीत चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची. चव ओसरली की पुन्हा दोन-चार चावे, आणि जागा बदलायची. असं सुमारे अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी, सरबत, काहीच नाही, कारण आंबट पेयांमुळे निकोटिन तोंडात शोषलंच जात नाही. ऊर्मीची फेरी करायला बसताना गम गालात ठेवली तरी चालते.

---

अनुबंध

आर्जव, तुमची पद्धत तल्लफ ओळखू येते अशा सवयींना लागू पडते. फोनचं गणित वेगळं आहे. तिथे ऊर्मी आणि कृती यांच्यात जेमतेम सेकंदभर अंतर असतं. भान येतं तेव्हा माणूस दहा मिनिटं स्क्रीन सरकवत बसलेला असतो. मग थांबायचं कुठे?

माझ्या मते इथे दोन कामं उलट क्रमाने करावी लागतात.

आधी कृतीच्या मध्यात आणि शेवटी लक्ष घालायचं. भान आलं तिथेच अंगठा थांबवा, फोन बंद करू नका. खांदे कुठे आहेत, श्वास अडकलाय का, डोळे कसे वाटताहेत, आणि शेवटच्या मिनिटाभरात जे पाहिलं त्यातून काय मिळालं, एवढं तपासा. मग बघत राहायचं तर बघा, दोन मिनिटांनी पुन्हा तेच. स्वतःला रागवायचं नाही, फळ चाखून बघायचं. सवयींवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ जडसन ब्रूअर यांच्या कामाचा भर यावर आहे: सवयीतून जे बक्षीस मिळतं असं मेंदूने गृहीत धरलेलं असतं, ते प्रत्यक्षात किती आहे हे वारंवार नीट अनुभवलं की ओढ कमी होत जाते. सिगारेट ओढणाऱ्यांनाही ते धुराची चव, वास, घशातली जळजळ लक्ष देऊन अनुभवायला लावतात. २०११ मध्ये त्यांच्या गटाने ८८ लोकांवर केलेल्या चाचणीत चार आठवड्यांचं सजगता प्रशिक्षण आणि एक रूढ सिगारेटमुक्ती कार्यक्रम यांची तुलना केली. सतरा आठवड्यांनी सजगता गटातले ३१ टक्के सिगारेटमुक्त होते, दुसऱ्या गटातले ६ टक्के. चाचणी लहान आहे, तेव्हा आकडे जपून वापरावेत, पण दिशा महत्त्वाची वाटते.

दुसरं काम म्हणजे अंतर तयार करणं. ॲप मुखपृष्ठावरून काढा, दर वेळी लॉगआउट करा, बोटाचा ठसा बंद करून लांब पासवर्ड ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. याने सवय सुटत नाही. पण पासवर्ड टाकायला लागणारे दहा सेकंद मिळतात आणि त्या दहा सेकंदांत "हात का आलाय?" हे विचारता येतं. कंटाळा, एखादं नकोसं काम, कुणाच्या उत्तराची वाट, अस्वस्थता, बहुधा यापैकी एक सापडतं. सापडलं की त्याच संवेदनेवर आर्जव यांची फेरी करता येते.

फोन विशेष चिवट असण्याचं कारण म्हणजे बक्षीस कधी मिळतं, कधी नाही, आणि कधी मिळेल ते सांगता येत नाही. असं अनियमित मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात पक्की करतं. म्हणूनच "पाचदा टाळलं, सहाव्यांदा बघितलं" याने सवय मोडत तर नाहीच, उलट चिवट होते. बघायच्या वेळा घड्याळाला बांधा, ऊर्मीला नको. दुपारी एक, संध्याकाळी सहा. त्या वेळी ऊर्मी नसली तरी बघा.

---

चाफेकळी

नखं कुरतडणं, केस उपटणं, त्वचा खरवडणं यांसाठी सजगता एकटी पुरत नाही, असं ठामपणे सांगते. यांच्यासाठी नाथन अझरिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली सवय-उलटणीची पद्धत आहे आणि तीच पहिली निवड असावी. सजगतेची जागा तिच्या पहिल्या टप्प्यात आहे.

पहिले सात दिवस सवय थांबवायचीच नाही. फक्त साखळी शोधायची. हात मांडीवरून उठतो, हनुवटीशी येतो, अंगठ्याने नखांच्या कडा चाचपल्या जातात, कुठेतरी खडबडीत टोक लागतं, मग दातांशी. ही साखळी कागदावर लिहा. आरशासमोर बसून ती मुद्दाम संथ गतीने करून बघा आणि दातांच्या आधीच्या टप्प्यावर थांबा. बहुतेकांना "चाचपणं" हा टप्पा असतो हेच ठाऊक नसतं, आणि तोच अडवायला सगळ्यात सोपा.

मग विरोधी कृती. ती सवयीशी एकाच वेळी करताच येणार नाही अशी हवी, चारचौघांत नजरेत न येणारी हवी. मूठ हलकी मिटून मांडीवर ठेवणं, तळहात एकमेकांवर ठेवणं, पेन धरणं. मिनिटभर किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत, जे जास्त असेल ते. मूठ घट्ट आवळू नका, खांदा भरून येतो आणि माणूस ते सोडून देतो. त्या मिनिटात लक्ष बोटांच्या टोकांशी ठेवा.

नखांच्या खडबडीत कडा हे स्वतःच निमित्त असतं. कानस जवळ ठेवा आणि रोज एकदा, ठरलेल्या वेळी, कडा गुळगुळीत करा. दिवसभर हातात कानस असेल तर तिचीच नवी सवय लागते.

---

काजवा

मी थोडा विरोधी सूर लावतो. हे सगळं ऊर्मी आल्यानंतरचं आहे. माझा आग्रह असा की ऊर्मी यायच्या आधीच परिस्थिती बदलावी: घरात पाकीट नको, तो रस्ता नको, ती संगत नको. ज्यांचा निग्रह चांगला दिसतो त्यांच्यावर बहुतेक वेळा निग्रहाची वेळच येत नाही. सजगतेच्या नादाने लोक पाकीट खिशात ठेवून परीक्षा देत बसतात.

---

आर्जव

काजवा, पाकीट खिशात ठेवून परीक्षा देणं हे शंभर टक्के चूक. पहिल्या महिन्यात जे टाळता येईल ते टाळावं, यात दुमत नाही.

पण निमित्तं दोन प्रकारची असतात. बाहेरची टाळता येतात. आतली टाळता येत नाहीत: अपमान, थकवा, एकटेपणा, आनंदसुद्धा. पाकीट घरात नसलं तरी भांडण घरात होतंच, आणि तेव्हा माणूस दुकानापर्यंत चालत जातो. सजगता त्या चालत जाण्याच्या वेळेसाठी आहे.

दोन्हीची सांगड 'जर-तर' योजनेने घालावी. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे. "मी सिगारेट कमी करेन" हा संकल्प झाला. "जर जेवण झाल्यावर खुर्चीतून उठलो, तर थेट बेसिनशी जाऊन दात घासेन" ही योजना झाली. जर-मध्ये डोळ्यांना दिसणारी किंवा अंगात जाणवणारी खूण हवी, तर-मध्ये करायची कृती हवी. "तर सिगारेट ओढणार नाही" असं लिहू नका, न करण्याची कृती करता येत नाही. अशा योजना दोन किंवा तीनच ठेवा. दहा लिहिल्या की ऐनवेळी एकही आठवत नाही.

---

नीलमोहर

खाण्याच्या ऊर्मीला हीच फेरी चालेल का? रात्री उशिराच्या खाण्याबद्दल विचारते आहे.

---

दवबिंदू

नीलमोहर, चालेल, पण आधी शेवटचं पोटभर जेवण कधी झालं ते बघायचं. चार-पाच तास उलटून गेले असतील तर ती भूक आहे. भुकेवर तरंगायचं नसतं, जेवायचं असतं. रात्रीची अनावर ऊर्मी पुष्कळदा दिवसभराच्या उपासमारीची वसुली असते. सकाळी काही नाही, दुपारी घाईघाईत थोडंसं, आणि रात्री अकराला डबे उघडणं. अशा माणसाला सजगता शिकवणं म्हणजे उपासमार लांबवणं. आधी दोन आठवडे दिवसा दर तीन-चार तासांनी व्यवस्थित खाणं, मग जी ऊर्मी उरेल तिच्यावर फेरी.

भूक हळूहळू चढते आणि साध्या जेवणानेही भागते. तल्लफ एकदम येते आणि तिला ठरावीकच गोष्ट हवी असते. खात्री नसेल तर साधं जेवण समोर ठेवून बघा, नको वाटलं तर तल्लफ.

थांबताच न येणारं खाणं, लपून खाणं, त्यानंतर उलट्या काढणं किंवा दिवसभर उपाशी राहून भरपाई करणं, यातलं काही असेल तर हा विकार आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ लागतात, इथल्या कृतीवर विसंबू नये. तसंच हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणं अशा मंत्रचळेपणाच्या क्रियांचं. तिथे सजगतेची फेरीच नवा विधी बनून बसते. "फेरी नीट झाली नाही, पुन्हा" असं सुरू झालं की ओळखावं.

---

पाऊलवाट

सरावाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऊर्मी ९ वर असताना ही पद्धत पहिल्यांदा करून बघणारे हमखास फसतात. ती ३-४ च्या ऊर्मीवर शिकायची असते.

सगळ्यात हाताशी असलेली शाळा म्हणजे खाज. रोज दहा मिनिटं स्थिर बसा. तीन-चार मिनिटांत नाक, कान, मान, कुठेतरी खाजेलच. खाजवू नका, बघा. ती तीव्र होते, टोचते, पसरते, कधी अचानक नाहीशी होते, कधी दुसरीकडे उगवते. अगदीच असह्य झालं तर आधी मनात ठरवा, मग सावकाश हात न्या, खाजवा, सावकाश हात खाली आणा. आपोआप जाणारा हात आणि ठरवून नेलेला हात यांतला फरक इथे बोटांना कळतो. एवढं रोज केलं तर तीन-चार आठवड्यांत फेरीची सवय अंगात येते.

पुढची पायरी कल्पनेतली. मध्यम अवघड प्रसंग निवडा, ५ च्या आसपासचा. आयुष्यातला सगळ्यात वाईट प्रसंग नको. डोळ्यांसमोर आणा: जागा, माणसं, वास, उजेड. वस्तूकडे हात जाण्याच्या आधीच्या क्षणी चित्र थांबवा आणि शरीरात काय होतंय ते पाच मिनिटं बघा. शेवटी पावलं जमिनीवर दाबा, खोलीतले तीन आवाज ऐका, उठा. सजगतेवर आधारलेल्या व्यसनप्रतिबंधाच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात असा सराव करून घेतात. सोडून काहीच दिवस झाले असतील तर हा सराव एकट्याने करू नये, जवळपास कुणीतरी हवं.

ज्यांना जुने आघात आहेत त्यांनी डोळे मिटून शरीरात खोल उतरू नये. आठवणी उसळून येतात, बधिरपणा येतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष तळपायांवर, खुर्चीच्या स्पर्शावर किंवा बाहेरच्या आवाजावर ठेवावं. तेवढ्यानेही काम होतं.

---

काजवा

पाऊलवाट, खाजेचा सराव चांगला सुचवलात. आता घसरण झाली तर काय, हेही कुणीतरी लिहा. माझ्या मते बहुतेकांचं सगळं तिथेच संपतं.

---

आर्जव

बरोबर बोललात. मार्लॅट यांचं सर्वांत मोलाचं निरीक्षण मला याबद्दलचंच वाटतं. एक सिगारेट ही घसरण. त्यानंतर "मी असाच आहे, माझ्याने होणारच नाही, मग आता पाकीटच संपवू" हा जो निष्कर्ष काढला जातो, तो माणसाला पूर्ण मागे नेतो. एका सिगारेटने जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट या वाक्याने होतं. आणि हे वाक्य म्हणजेही विचारच आहे, शरमेची संवेदना घेऊन आलेला. छातीत जडपणा, चेहऱ्यावर उष्णता, मान खाली. त्याच्यावरही तीच फेरी करायची.

पहिल्या तासाचा क्रम ठरवून ठेवा. हातातलं टाका, अर्धवट असलं तरी. उरलेलं पाण्याखाली धरा, नुसतं कचऱ्यात टाकू नका. जागा बदला. पाच मिनिटांची फेरी, या वेळी तल्लफेवर नाही, शरमेवर. मग एका माणसाला तथ्य सांगा, "आज एक ओढली, साडेसातला." कारणमीमांसा दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री कारणं शोधायला बसलं की माणूस स्वतःवर खटला चालवतो.

बोवेन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या चाचणीत हे दिसतं. व्यसनातून बाहेर पडलेले २८६ लोक, तीन गट: सजगता, व्यसन परत जडू नये यासाठीची मार्लॅट यांचीच जुनी पद्धत आणि नेहमीचे उपचार. पहिल्यांदा नशा करण्याची वेळ लांबवण्यात जुनी पद्धत सजगतेच्या पुढे होती. पण बारा महिन्यांनी नशेचे दिवस सजगता गटात सगळ्यात कमी होते. माझा अर्थ असा की घसरल्यानंतर सावरणं त्या गटाला जास्त जमलं.

दारू किंवा अफूच्या गटातले पदार्थ असतील तर एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या मात्रेने घेतलं तर जीव जाऊ शकतो, अफूच्या गटात विशेष. तिथे घसरण झाल्यास एकटं राहू नये, लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

---

अनुबंध

नोंदी कशा ठेवायच्या याचा एक नमुना देतो. वहीत पाच रकाने: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, शरीरात जागा, आकडा (सुरुवातीचा आणि दहा मिनिटांनंतरचा), केलेली कृती. एका ओळीत एक नोंद, तीस सेकंदांत संपली पाहिजे. भावनांची वर्णनं लिहायला लागलात की चौथ्या दिवशी वही बंद पडते.

आठवड्याने वही उघडा आणि दुसरा रकाना तेवढा वाचा. दोन-तीन प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतील, जर-तर योजना त्यांच्यासाठीच करा. शेवटचे आकडे उतरताहेत का, याकडे पहिला महिनाभर बघू नका. ऊर्मी आली आणि कृती झाली नाही अशा ओळी किती, त्या मोजा. सवय बंद केल्यावर सुरुवातीला ऊर्मी वाढतातही. नेहमीचं बक्षीस थांबलं की मेंदू काही काळ जोर लावून मागतो. वहीत दुसऱ्या आठवड्यात ओळी वाढलेल्या दिसल्या तर घाबरून पद्धत बदलू नका.

---

नीलमोहर

वहीऐवजी फोनवर नोंद ठेवली तर?

---

अनुबंध

सवय फोनचीच असेल तर नको. नोंद करायला हातात घेतलेला फोन परत खाली ठेवला जात नाही. बाकी सवयींना चालेल, पण नोंदवहीचं ॲप मुखपृष्ठावर एकटंच ठेवा आणि सूचना बंद करा. खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन्सिल मला तरीही बरी वाटते, हाताला तेवढाच वेळ दुसरं काम मिळतं.